वार शिवराक, माणूस शिवराक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सिंधुदुर्गात घरी पाहुणा जेवायला यायचा असला, की घरची बाई त्याला एक प्रश्न आधीच विचारून ठेवते : 'तुमी वार पाळतास?' पाहुणा शाकाहारी आहे की मांसाहारी, असे ती विचारत नाही. तो सोमवार पाळतो की गुरुवार, एवढेच तिला जाणून घ्यायचे असते. या साध्या प्रश्नात मालवणच्या किनाऱ्याच्या आहाराचा बराचसा इतिहास साठवलेला आहे.

मालवणी जेवणाची कीर्ती आहे ती माशांची. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि सुरमई, बांगडा, कोंबडी-वडे यांच्या शोधात माणसे इकडे येऊ लागली. मुंबई-पुण्यात 'मालवणी' ही पाटी म्हणजे मासळीची पाटी, हे समीकरण तर त्याआधीच पक्के झाले होते. पण या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या आणखी एक स्वयंपाक नांदतो आहे. मालवणीत त्याला 'शिवराक' म्हणतात. ज्यात मासे नाहीत, मटण नाही, अंडे नाही, ते शिवराक.

हे शिवराक जेवण वर्षातून किती दिवस होते, याचा एकदा हिशेब मांडून पाहावा. सोमवार आणि गुरुवार हे दोन वार धरले तरी वर्षाचे १०४ दिवस झाले. श्रावणातले उरलेले वीस-बावीस दिवस त्यात मिळवा. मग चोवीस एकादश्या, बारा संकष्ट्या, नवरात्र. एकाच दिवशी जुळून येणारे वार वजा केले, तरी हे सगळे पाळणाऱ्या घरात आकडा दीडशेच्या घरात जातो. म्हणजे मासेखाऊ म्हणून ओळखला जाणारा हा माणूस वर्षातले जवळजवळ पाच महिने शाकाहारीच असतो. कोणी शनिवार पाळतो, कोणी फक्त सोमवार. पण एकही वार न पाळणारे घर जुन्या पिढीत शोधूनच काढावे लागे.

कायमचे शाकाहारी लोक इथे नव्हते असे नाही. कऱ्हाडे ब्राह्मणांची घरे होती, जैन आणि लिंगायत व्यापारी होते, तुळशीची माळ गळ्यात घालून मासे सोडणारे वारकरी तर गावोगाव होते. पण बहुसंख्यांच्या बाबतीत शाकाहार माणसाला चिकटलेला नव्हता, तो दिवसाला चिकटलेला होता. सोमवारी गाबिताच्या घरातही चुलीवर मासे चढत नसत आणि मंगळवारी सारस्वत ब्राह्मणाच्या घरी बांगड्याचे तिखले शिजत असे. गौरीला काही घराण्यांत तिखटाचा नैवेद्य लागतो, तर त्याच घरात गणपतीच्या पहिल्या दिवशी कांदा-लसूणही वर्ज्य असतो. जेवणाची अदलाबदल पंचांगाने ठरवून दिलेली होती.

आज ही आठवण काढण्याला कारण आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशा दुखण्यांमुळे आहार बदलू पाहणारी माणसे आता गावातही भेटतात. काहीजण विचाराने मांसाहार सोडतात. काही तरुण मुले तर दूध-तूपही सोडून 'व्हीगन' होऊ पाहतात. या सर्वांपुढे पहिला प्रश्न येतो तो 'मासे सोडायचे, मग खायचे काय?' हॉटेलाचे उत्तर ठरलेले असते : पनीर. मैद्याची रोटी, बटाट्याची भाजी आणि वर तळलेला पापड. मासे सोडून हे खाल्ले, तर मनाला समाधान मिळेल. पण प्रकृतीला फायदा होईलच असे नाही. या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर शिवराक ताटात आहे. मात्र त्या ताटाची एक उणीवही आहे, आणि ती इतिहास पाहिल्यावाचून लक्षात येत नाही.

हे ताट एका दिवसात तयार झालेले नाही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात एक ग्रंथ छापला. या भागातल्या औषधी आणि फळझाडांची त्यात माहिती आहे. त्यात नारळ आहे, फणस आहे, 'ब्रिंदाँव' या नावाने आपले कोकमही आहे. काजू मात्र त्यात नाही. पुढे १५७८ साली क्रिस्तोव्हाँव द कोस्ता याच्या ग्रंथात काजूचे वर्णन येते, तेही कोचीनकडचे. ब्राझीलमधून पोर्तुगीजांच्या गलबतांनी आणलेले हे झाड नंतर तेरेखोलची खाडी ओलांडून आपल्या डोंगरउतारांवर पसरले. काजू, बटाटा, पपई, अननस ही नावे आजही त्या प्रवासाची साक्ष देतात. मिरचीही त्याच काळात आली. त्याआधी आपल्या जेवणातला तिखटपणा मिऱ्याचा होता, आणि 'मिरची' हे नावही मिऱ्यावरूनच पडले.

म्हणजे आज शिवराक जेवणाचा मानबिंदू मानली जाणारी ओल्या काजूची उसळ ही चार-साडेचार शतकांपलीकडची नाही. फाल्गुन-चैत्रात ओल्या बिया चिरायच्या, चिकाने हात भाजू नयेत म्हणून राखेत नाहीतर तेलात बोटे बुडवायची, गर सोलायचे आणि खोबऱ्याच्या वाटपात शिजवायचे. परदेशातून आलेल्या बीचा आपल्या बायकांनी असा खास मालवणी पदार्थ केला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने पुढे काजूच्या सुधारित जाती काढल्या, २०१६ मध्ये वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंपरा म्हणजे कधीही न बदलणारी गोष्ट, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी नवी वस्तू बेधडक स्वीकारली. फक्त ती स्वतःच्या वाटपात घोळवून घेतली.

या ताटाचा दुसरा शिल्पकार म्हणजे गरिबी. कोकणात भातशेती खाचरांपुरती. वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ, चवळी. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाची पेज हे श्रीमंतांचे जेवण कधीच नव्हते. आज आहारशास्त्र जे सांगते, ते पाहिले की गंमत वाटते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधात ते सव्वाशेच्या आत-बाहेर. कुळथात शेकडा बावीसच्या आसपास प्रथिने असतात. आणि भाताबरोबर कडधान्य खाल्ले, की एकात जे कमी ते दुसऱ्यात मिळते.

उकड्या तांदळाची गोष्ट तर जगाच्या इतिहासाशी जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होता. पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की सुधारतात, असे त्याला आढळले. त्या शोधासाठी त्याला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोंड्यातले ते द्रव्य म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. भात आधी उकडून, वाळवून मग सडला, तर हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते आणि सडताना सगळे निघून जात नाही. आपल्या बायकांना जीवनसत्त्वाचे नाव माहीत नव्हते. पण तांबूस उकड्या तांदळाची पेज पोटात टिकते, हे त्यांना ठाऊक होते.

तिसरा शिल्पकार पाऊस. ज्येष्ठात समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. आता तर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला कायद्याने बंदी असते. पूर्वी ही बंदी वाराच घालत असे. ताजी मासळी नाही, घरात सुके बांगडे आणि गोलमो थोडा शिल्लक. पण त्याच वेळी अंगणात आणि परड्यात हिरवळ फुटते. पहिल्या सरीबरोबर टाकळा, मग अळू, भारंगी, फोडशी, शेवग्याचा पाला. उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या भाजीत पडतात. गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी, काळ्या वाटाण्याचे सांबार आणि आंबोळ्या हा बेत ठरलेला. शेगल म्हणजे शेवग्याचा पाला. त्यात कॅल्शियम, लोह आणि 'अ' जीवनसत्त्व पुष्कळ. सणाला पक्वान्न म्हणून पालेभाजी मांडणारा आपला किनारा! गणपतीच्या डोक्यावर जी माटवी बांधतात, तिच्यातही नारळ, सुपारीचे शिपटे, तवसे, कवंडळ असे परसातले आणि रानातलेच वैभव टांगलेले असते.

आणि शेवटचा, सर्वांत मोठा शिल्पकार म्हणजे माड. देशावर शाकाहार म्हटला की दूध, दही, तूप ओघाने येते. कोकणात तसे झाले नाही. इथली गाय लहानखुरी, चिवट, पावसाला टिकणारी. पण दूध जेमतेम. 'कोकण कपिला' या नावाने या गाईची स्वतंत्र जात म्हणून २०१८ मध्ये राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. तिचा खरा उपयोग शेतीच्या कामाला बैल मिळावेत म्हणून. मग दुधाची जागा नारळाच्या रसाने घेतली. ताकाच्या जागी सोलकढी आली. दुधातल्या शेवयांच्या जागी नारळाच्या गोड रसातले शिरवाळे आले. खापरोळी, धोंडस, सांदणे, आंब्याचे सासव, फणसाच्या कुयरीची भाजी, वडे आणि काळ्या वाटाण्याचे सांबार : या सगळ्यांत दुधाचा थेंब नाही.

'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. प्राण्यांपासून आलेले काहीच न खाणे, म्हणजे दूधही नाही, असा त्याचा अर्थ. या अर्थाने पाहिले तर आपल्या सोमवारच्या ताटात त्या शब्दाच्या कितीतरी आधीपासून असे पदार्थ होते. तेव्हा कोणी म्हणेल, की मग झाले तर! शिवराक वाराचे जेवण रोज जेवावे, म्हणजे प्रश्न मिटला.

इथेच थांबून विचार करावा लागतो. शिवराक ताट हे आठवड्याचे पूर्ण ताट कधीच नव्हते. ते अर्धे ताट होते. सोमवारी जे मिळाले नाही, ते मंगळवारी बांगड्यातून मिळत असे. जे कायमचे शाकाहारी होते त्यांच्याकडे, कमी का होईना, दूधदुभते होते. म्हणजे नारळाच्या रसाने दुधाची जागा घेतली ती चवीपुरती. प्रथिने आणि कॅल्शियम यांची भर त्यातून फारशी पडत नाही. जी स्निग्धता मिळते, तीही बेताने घ्यावी अशी. आणि एक घटक तर माडात, फणसात, नाचणीत, कडधान्यात कुठेच नाही. तो म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व.

या जीवनसत्त्वाचा पत्ता लागण्यापूर्वी महात्मा गांधींनी दुधाशिवाय राहण्याचा मोठा प्रयोग केला होता. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. फळे, दाणे, धान्य यांवर ते काही वर्षे राहिले. १९१८ मध्ये ते फार आजारी पडले आणि शरीर काही केल्या भरून येईना. तेव्हा कस्तुरबांनी सुचवले, की तुमचे व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे आहे, शेळीचे दूध घ्यायला काय हरकत? गांधीजींनी ते मानले. पण ही तडजोड आपल्याला बोचत राहते, असे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवले. दुधाला पर्याय ठरणारी वनस्पती कोणाला माहीत असेल तर कळवावी, अशी त्यांची विनंतीही आहे. आहारातल्या सगळ्या बाजूंचे उत्तर त्या काळात कोणाकडेच नव्हते.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९२८ मध्ये, ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा एक गंभीर पांडुरोग तिने अभ्यासला. यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात, असे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातले द्रव्य पुढे पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. तेच फॉलिक अ‍ॅसिड. ते आपल्या शेगलात आणि अळूत आहे. पण काही पांडुरोगी यकृताच्या सत्त्वाने बरे होत. त्या सत्त्वातले द्रव्य १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी हाती लागले, आणि त्याला ब-१२ असे नाव मिळाले. गांधीजींची हत्या झाली ते हेच वर्ष.

ब-१२ हे जीवनसत्त्व सूक्ष्म जंतू तयार करतात आणि आपल्याला ते मासे, अंडी, मांस, दूध यांतून मिळते. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे मिठाच्या कणाहूनही कमी. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो. म्हणूनच धोका कळत नाही. मासे सोडून वर्ष झाले, दोन वर्षे झाली, माणूस म्हणतो मला काही झाले नाही. पुढे पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसर पडतो, आणि घरचे म्हणतात वय झाले. शिवाय पालेभाज्या भरपूर खाणाऱ्याच्या रक्तात पांडुरोगाची खूण दिसत नाही, कारण फॉलिक अ‍ॅसिड ती झाकून टाकते. नसांचे नुकसान मात्र आत चालूच राहते. ल्युसी विल्सने शोधलेले द्रव्य आणि १९४८ मध्ये सापडलेले द्रव्य यांची ही गुंतागुंत हिरव्यागार शिवराक ताटाला नेमकी लागू पडते.

ही भीती केवळ पुस्तकी नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा १९९३ पासून अभ्यास केला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. तिथे तर दूध वर्ज्य नव्हते. ते पुरेसे मिळत नव्हते, एवढेच.

अशीच दुसरी गोष्ट आयोडीनची. वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण मिठागराच्या साध्या मिठात आयोडीन नगण्य असते. किनाऱ्यावरच्या माणसाला ते समुद्राच्या मासळीतून मिळत आले. मासळी सोडणाऱ्याने जाडे मीठ सोडून आयोडीनयुक्त मीठ वापरावे, हे आपोआप आले.

तेव्हा ज्याला शाकाहाराकडे वळायचे आहे, त्याने आपल्याच पंचांगाची वाट धरावी. एकदम सगळे सोडण्यापेक्षा वार वाढवावेत. दोनाचे तीन, तिनाचे चार. प्रत्येक जेवणात कडधान्याची एक वाटी हवीच : कुळीथ, चवळी, मूग, काळे वाटाणे, जे घरात असेल ते. पांढऱ्या तांदळाऐवजी उकडा, आठवड्यातून तीन-चार वेळा नाचणी. एक पालेभाजी, तिच्यावर लिंबू. म्हणजे लोह अंगी लागते. नारळ वाटपापुरता. वडे सणापुरते. जे दूध-दही घेतात त्यांनी ते रोज नियमाने घ्यावे. जे दूधही सोडतात, त्यांनी ब-१२ ची गोळी हा आहाराचाच भाग समजावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने अधूनमधून रक्त तपासावे. गरोदर बायका, लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर मनाने प्रयोग करूच नयेत. गोळी घेतल्याने व्रत मोडत नाही. काजू आणि मिरची ज्यांनी आपल्या ताटात सामावून घेतली, त्यांच्या नातवंडांना एक लहानशी गोळी जड जायला नको.

आणखी एक. ज्याने मासे सोडले, त्याने न सोडणाऱ्याकडे तुच्छतेने पाहू नये. या किनाऱ्यावर मासा हे गरिबाच्या पोराचे स्वस्त आणि पौष्टिक अन्न आहे, हजारो घरांची चूल त्यावर पेटते. आपल्या वारांच्या पद्धतीत एक शहाणपण होते : एकाच पंगतीत सोमवारवाला आणि मंगळवारवाला शेजारी बसत असत आणि कोणी कोणाच्या ताटावरून त्याची लायकी ठरवत नसे. वाढणारी बाई दोघांच्या ताटात सोलकढी मात्र सारखीच घालत असे.